पहिल्या वीस लिटर बिअरसाठी जुळवाजुळव : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

घरी बिअर तयार करण्याचा बेत बरेच दिवस मनात घोळत होता. आज तो कागदावर उतरवला. सर्वांत आधी कायदा पाहिला, कारण स्वतःच्या वापरापुरती बिअर तयार करण्याची मुभा काही ठिकाणी सरसकट आहे, काही ठिकाणी ती परवान्याशिवाय मिळत नाही आणि काही ठिकाणी मुळीच नाही. आपल्याला किती प्रमाणात आणि कोणत्या अटींवर परवानगी आहे याची खात्री करून घेतल्यावरच यादी करायला बसलो.

पहिली खेप २० लिटरची आणि साध्या फिकट एल बिअरची (लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबणाऱ्या प्रकारची) असेल. तिला ४.२ किलो फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), रंग आणि थोडा गोडवा यावा म्हणून ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, ५० ते ६० ग्रॅम हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) आणि सुक्या यीस्टचे एक पाकीट लागेल. तयार माल्ट-अर्क विरघळवूनही बिअर होते आणि त्यात साधने निम्मी पुरतात, हे मला माहीत आहे. पण धान्यातून साखर कशी सुटते हे मला डोळ्यांनी पाहायचे आहे, म्हणून दाण्यांपासूनच सुरुवात करायची. वेगळे मॅश-भांडे (माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवून साखर सोडवण्याचे भांडे) घेण्याऐवजी भरडलेले माल्ट जाळीदार पिशवीत घालून ती पिशवी थेट मोठ्या पातेल्यात सोडण्याची पद्धत निवडली. त्यामुळे एक भांडे, एक तोटी आणि त्यांची धुलाई वाचते.

६ फेब्रुवारी

पातेले किती मोठे हवे याचा हिशेब आधी चुकला होता. २० लिटर बिअर म्हणजे २५ लिटरचे पातेले पुरेल असे वाटले. प्रत्यक्षात आंबवण्याच्या बादलीत जाणारे २० लिटर, तळाच्या गाळात राहणारे दीड लिटर, तासाभराच्या उकळीत उडून जाणारे अंदाजे ४ लिटर आणि चोथ्यात शोषले जाणारे ३ लिटर, असे मिळून सुरुवातीलाच २८.५ लिटर पाणी लागते. शिवाय ४.५ किलो धान्य त्यात सुमारे ३ लिटरची जागा घेते. वर फेस उतू जाऊ नये म्हणून मोकळी जागा ठेवायची, तर ४० लिटरखाली भांडे घेण्यात अर्थ नाही.

ॲल्युमिनियमचे पातेले हलके असते आणि लवकर तापते. त्यात बिअर बिघडते ही समजूत खरी नाही, मात्र त्याचा संरक्षक थर तीव्र अल्कधर्मी साबणाने निघून जातो आणि मग ते जपून वापरावे लागते. मी जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे घेतले. बूड जाड असण्याचा आग्रह अशासाठी की पातळ बुडाला पिशवी टेकली तर ती करपते.

आचेचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. २८.५ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यासाठी, उष्णता अजिबात वाया गेली नाही असे धरले तरी, २ किलोवॅटच्या हीटरला सव्वा तास लागतो. घरातील शेगडीवर १० लिटर पाणी उकळून वेळ मोजला आणि तो तिप्पट करून पाहिला. उत्तर समाधानकारक नव्हते. मोठ्या बर्नरची सोय आधी, बाकी खरेदी नंतर, असे ठरवले.

११ फेब्रुवारी

माल्टचे पहिले पार्सल आले आणि आल्या पावली परत गेले. पिशवीवर ‘बार्ली’ एवढेच छापलेले होते आणि विक्रेत्याने फोनवर ‘तेच ते’ असे सांगितले होते. ते तेच नसते. बार्ली भिजवून, तिला मोड आणून, ते मोड ऐन भरात असताना भट्टीत वाळवले की जे तयार होते ते माल्ट. स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी विकरे त्या मोड येण्याच्या काळातच पुरेशी तयार होतात. कच्ची बार्ली कितीही वेळ गरम पाण्यात ठेवली तरी तिची पेजच होणार.

ओळखायची रीत सोपी आहे आणि ती खरेदीच्या वेळीच करता येते. दाणा दाताखाली धरला तर माल्ट कुरकुरीत फुटते, आतला भाग खडूसारखा पांढरा आणि भुसभुशीत असतो आणि चावता चावता तोंडात गोडसर चव उतरते. या पिशवीतला दाणा दगडासारखा होता. दाढेखाली तो फुटण्याऐवजी सटकला. खात्रीसाठी वीस दाणे पेलाभर पाण्यात टाकले, तर सतरा सरळ तळाला गेले. माल्टचे दाणे पोकळसर असल्यामुळे त्यातले बहुतेक तरंगतात किंवा अर्धवट बुडून राहतात.

१५ फेब्रुवारी

दुसऱ्या विक्रेत्याकडून माल्ट मिळाले, आणि या वेळी पैसे देण्याआधी उत्पादन-गटाचा तपशील मागवला. त्यातल्या तीन गोष्टी पाहिल्या: ओलावा ४.५ टक्के, अर्काचे (दाण्यातून पाण्यात उतरणाऱ्या भागाचे) प्रमाण ८० टक्के आणि उत्पादनाची तारीख. ओलावा कमी असणे का महत्त्वाचे, हे सादळलेल्या माल्टचा एक दाणा चावला की कळते. तो फुटत नाही, चामड्यासारखा दबतो, आणि त्याची भरडही नीट होत नाही. पिशवी उघडून तळापर्यंत हात घातला. सोंडे नाहीत, जाळे नाही, कुबट वास नाही, हाताला फक्त थोडी धूळ लागली. मनापासून बरे वाटले.

माल्ट भरडलेले घ्यावे की अख्खे, यावर बराच विचार केला. अख्खे माल्ट कोरड्या, थंड जागी हवाबंद ठेवले तर महिनोन्‌महिने टिकते. भरडलेले काही आठवड्यांत जुने होते. घरी भरडून पाहावे म्हणून पाव किलो दाणे लाटण्याने फोडायला घेतले, त्याला पाऊण तास लागला आणि तरीही निम्मे दाणे अख्खे राहिले. मिक्सरमध्ये ते फुटतात, पण पीठ आणि अख्खे दाणे यांची खिचडी होते. खरी भरड दोन रुळांच्या गिरणीतच होते, जिच्या रुळांमधले अंतर साधारण १ मिलिमीटर असते: टरफल सालासारखे अख्खे निघते आणि आतला गाभा चार-पाच तुकड्यांत फुटतो. पिशवीच्या पद्धतीत थोडे पीठ चालते, कारण गाळण्याचे काम टरफलांच्या थराऐवजी कापड करते. सध्या माल्ट अख्खेच आणले आहे. विक्रेत्याने बिअर करण्याच्या आदल्या दिवशी ते आपल्या रुळांवर भरडून देण्याचे कबूल केले आहे.

२० फेब्रुवारी

आजचा पूर्ण दिवस हॉप्समध्ये गेला, आणि तो जायलाच हवा होता. हॉप्स म्हणजे ह्युम्युलस ल्युप्युलस या वेलीची मादी फुले. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते आणि बिअरचा कडवटपणा व सुगंध दोन्ही तिथून येतात. त्या भुकटीतील अल्फा आम्ले उकळीत रूप बदलतात आणि मगच वर्टमध्ये, म्हणजे माल्टपासून निघालेल्या गोड पाण्यात, विरघळून कडवटपणा देतात. सुगंधी तेले मात्र त्याच उकळीत उडून जातात. म्हणून अर्धे हॉप्स उकळीच्या आरंभी आणि उरलेले शेवटच्या दहा मिनिटांत घालायचे.

पहिल्या ठिकाणी सुकवलेली फुले सुटी, पारदर्शक पिशवीत मिळाली. ती काढ्यासाठी विकली जातात. त्यांवर अल्फा आम्लाचे प्रमाण छापलेले नव्हते, कापणीचे वर्ष नव्हते, आणि रंग हिरवा जाऊन तांबूस झाला होता. दोन फुले तळहातावर चोळून नाकाशी नेली तेव्हा जुन्या चीजसारखा वास आला. हॉप्स हवेत आणि उबेत पडून राहिले की त्यांतील आम्ले तुटून नेमका हाच वास तयार होतो. त्यांच्याकडून किती कडवटपणा मिळेल याचा अंदाज बांधणेच अशक्य होते, म्हणून घेतली नाहीत.

दुसऱ्या ठिकाणी दाबून केलेल्या गोळ्या चकचकीत, अपारदर्शक, निर्वात पाकिटांत होत्या. जात कॅस्केड, म्हणजे अमेरिकेत ओरेगन येथील पैदास कार्यक्रमातून निघून १९७२ मध्ये लागवडीसाठी खुली झालेली. पाकीट हाताला विटेसारखे कडक लागत होते. ते मऊ लागले असते तर आत हवा शिरली आहे असे समजून परत केले असते. पाककृतीत ७ टक्के अल्फाचे २५ ग्रॅम हॉप्स पहिल्या उकळीला धरले आहेत आणि या पाकिटावर ५.६ टक्के छापले आहे. ७ गुणिले २५ म्हणजे १७५, त्याला ५.६ ने भागले की ३१ ग्रॅम. इतका साधा हिशेब केला की जात बदलली तरी कडवटपणा जागेवर राहतो. सुगंध जागेवर राहत नाही, तो त्या जातीचाच येणार. पाकिटे फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवली.

२४ फेब्रुवारी

पाव फुगवण्याचे यीस्ट घरात असतेच, आणि तेही सॅकरोमायसिस सेरेव्हिसी याच प्रजातीचे असते. तेव्हा ते का चालू नये, असे मला दोघांनी विचारले. त्याने मद्यार्क तयार होईल, यात शंका नाही. पण ते वाण पिठात भराभर वायू सोडण्यासाठी निवडलेले असते. बिअरमध्ये ते नीट तळाला बसत नाही, द्रव गढूळ राहतो आणि पुष्कळदा लवंगेसारखी किंवा औषधी चव येते, जी या बिअरला नको आहे. यीस्टचा वाण हा बिअरच्या चवीचा अर्धा भाग आहे. एमिल ख्रिस्तियान हान्सेन यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले, त्यानंतरच प्रत्येक खेपेला तीच चव मिळवणे ब्रुअरींना शक्य झाले. ते शुद्ध वाण आज ११.५ ग्रॅमच्या पाकिटात मिळत असताना त्यात काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे.

लागर बिअरचे यीस्ट घेतले नाही, कारण त्याला १० ते १३ अंशांचे तापमान आठवडाभराहून अधिक काळ सांभाळावे लागते. एलच्या यीस्टला १८ ते २० अंश चालतात. बादली पाण्याच्या टबात ठेवून, त्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आलटून पालटून सोडून एवढे साधता येईल. दोन पाकिटे घेतली, मुदत पाहून घेतली आणि विक्रेत्याने ती शीतकपाटातून काढून दिली याची नोंद केली. एक पाकीट लागणार आहे, दुसरे अडीअडचणीसाठी.

१ मार्च

बादली शोधताना या सगळ्या यादीचे माझ्या डोक्यात प्रथमच दोन भाग पडले, आणि हे आधी सुचले असते तर बरीच धावपळ वाचली असती. जे काही उकळीच्या आधी वर्टला लागते, ते स्वच्छ असले म्हणजे पुरे; पातेले जुने असले, पिशवी पडद्याच्या कापडाची असली, चमचा स्वयंपाकघरातला असला तरी तासभराची उकळी सगळ्यांना पोटात घालते. जे उकळीनंतर लागते, म्हणजे बादली, तोटी, नळी, एअरलॉक (वायू बाहेर जाऊ देणारी पण हवा आत येऊ न देणारी पाण्याची झडप), बाटल्या, त्यावर मात्र कुठलीही तडजोड करता येत नाही, कारण तेव्हा समोर गार, गोड, निर्जंतुक द्रव असतो आणि पहिला जो जीव त्यात उतरेल त्याचे ते घर होते. आजपासून यादीच्या दोन पानांना ‘उकळीआधी’ आणि ‘उकळीनंतर’ अशी नावे दिली.

म्हणूनच जुनी ३० लिटरची बादली फुकट मिळत असून नाकारली. ती खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची होती, पण आतल्या बाजूला घासणीचे बारीक ओरखडे होते आणि झाकणाला आधीच्या तिखट मालाचा वास मुरलेला होता. ओरखड्यात जंतू दडतात आणि तिथवर निर्जंतुक द्रावण पोहोचत नाही; वास तर जातच नाही. नवी बादली उच्च घनतेच्या पॉलिथिनची, तळाशी त्रिकोणात २ आकडा असलेली घेतली. ३० लिटरची घेण्याचे कारण असे की ऐन भरात फेस चार बोटांहून वर येतो.

नवी तोटीही खोलून पाहिली. आट्यांमध्ये कारखान्यातला तेलकट गाळ होता आणि आतल्या वायसरखाली प्लास्टिकचा भुसा. न खोलता बसवली असती तर सगळी बिअर त्यातूनच बाटल्यांत गेली असती. तोटी बसवून बादलीत रात्रभर पाणी भरून ठेवले. खाली कोरडा कागद अंथरला होता, तो सकाळीही कोरडाच होता. नंतर झाकण लावून, एअरलॉकमध्ये पाणी भरून, झाकण हलके दाबले तेव्हा पाणी एका बाजूला चढले आणि तिथेच थांबले. म्हणजे झाकण हवाबंद आहे.

५ मार्च

मापनाची साधने. हायड्रोमीटर (द्रव पाण्याच्या तुलनेत किती जड आहे आणि त्यावरून त्यात साखर किती, हे दाखवणारा) काचेचा, १.००० ते १.१०० पट्टीचा, २० अंशांवर जुळवलेला. नेमक्या २० अंशांच्या शुद्ध पाण्यात सोडला तर तो १.००२ दाखवतो. आतली कागदी पट्टी किंचित सरकलेली असावी. परत करण्यापूर्वी दुसरा पडताळा घेतला: २५ ग्रॅम साखर २२५ ग्रॅम पाण्यात विरघळवली, म्हणजे वजनाने १० टक्क्यांचे द्रावण, ज्याचे विशिष्ट गुरुत्व १.०४० असते. उपकरणाने १.०४२ दाखवले. चूक दोन्ही टोकांना सारखीच आहे, तेव्हा प्रत्येक नोंदीतून ०.००२ वजा करायचे आणि उपकरण ठेवून घ्यायचे. त्याच्या डबीवर तसे लिहून चिकटवले.

थर्मामीटरच्या बाबतीत असे करता आले नाही. तबकडीचा थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बरोबर ० दाखवत होता, पण कोमट पाण्यात २ अंश आणि गरम पाण्यात ४ अंश पुढे पळत होता. चूक जागोजाग वेगळी असेल तर ती वजा कशी करणार? मॅशिंगमध्ये ६२ आणि ७० अंशांत फार मोठे अंतर असते. खालच्या टोकाला बीटा-अमायलेज अधिक काम करते आणि बिअर कोरडी, हलकी होते. वरच्या टोकाला ते विकर झपाट्याने नष्ट होते आणि न आंबणारी साखर शिल्लक राहून बिअर जडसर होते. मला ६६ हवेत, म्हणून अंकीय थर्मामीटर घेतला. तो बर्फाच्या पाण्यात ०.३ दाखवतो. उकळत्या पाण्यातही पाहिले, मात्र समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो, तेवढी वजाबाकी करून.

वजनकाटे दोन: धान्यासाठी स्वयंपाकघरातला, हॉप्स आणि क्षारांसाठी ०.१ ग्रॅमचा.

१० मार्च

पाणी हा घटक विकत आणावा लागत नाही म्हणून त्याचा विचार शेवटी केला, हे योग्य झाले नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उकळीने जाते, पण क्लोरामाइन सहजासहजी जात नाही, आणि दोन्हींमुळे क्लोरोफिनॉल तयार होऊन बँडेजसारखी चव येते जी नंतर कशानेही काढता येत नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी ३० लिटरला पुरेशी होते आणि काही मिनिटांत परिणाम होतो. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी ही गोळी हाताळताना तिचा वास छातीत जाऊ देऊ नये.

पाण्याच्या अहवालात कॅल्शियम लिटरला २५ मिलिग्रॅम आहे. ५० हून अधिक हवे. २८.५ लिटरमध्ये ५ ग्रॅम जिप्सम घातले की सुमारे ४१ मिलिग्रॅमची भर पडते. जिप्सम बांधकामाच्या दुकानातही मिळते, पण ते घ्यायचे नाही. खाद्य दर्जाचे असे स्पष्ट लिहिलेलेच घ्यायचे.

१४ मार्च

अर्धा लिटरच्या ४० बाटल्या जमल्या. सगळ्या तपकिरी आहेत, कारण प्रकाशात हॉप्सच्या कडवट घटकांपासून गंधकयुक्त, कुबट वासाचे संयुग तयार होते आणि पारदर्शक किंवा हिरवी काच ते पुरेसे रोखत नाही. पातळ काचेच्या, दाबासाठी नसलेल्या पेयांच्या बाटल्या वेगळ्या काढून टाकल्या. लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे एकूण १२० ग्रॅम साखर घालून बाटली बंद केल्यावर आत जो दाब तयार होतो त्याने अशी बाटली फुटू शकते. त्याच कारणासाठी तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचे दोन आकडे सारखे आल्याशिवाय, म्हणजे आंबणे थांबल्याची खात्री पटल्याशिवाय, बाटल्या भरायच्या नाहीत.

बुचांची एक खेप वाया गेली. बाटल्यांच्या तोंडाला २६ मिलिमीटरची बुचे लागतात आणि मी न मोजता २९ ची मागवली होती.

१७ मार्च

धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांना दोन वेगळी द्रव्ये लागतात. धुण्यासाठी सुगंध नसलेले सोडियम परकार्बोनेट, कारण सुगंध प्लास्टिकला धरतो आणि साबणाचा अंश बिअरचा फेस मारतो. निर्जंतुक करण्यासाठी फॉस्फोरिक आम्लावर आधारलेले, पुन्हा न विसळता चालणारे द्रावण मिळाले. ते मिळाले नसते तर आयोडोफोर, लिटरला १२.५ मिलिग्रॅम आयोडीन या प्रमाणात, चालले असते. ब्लीच स्टीलला खड्डे पाडते आणि आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सोडते, म्हणून ते या कामातून पूर्णपणे वगळले.

२२ मार्च

सगळी साधने मांडून केवळ पाण्यावर पूर्ण तालीम केली. तासाच्या उकळीत ४ नव्हे, ४.६ लिटर पाणी उडाले. सुरुवातीचे पाणी २९.१ लिटर करावे लागेल. तांब्याच्या १० मीटर नळीच्या वेटोळ्यातून गार पाणी सोडल्यावर उकळते पाणी २५ अंशांवर यायला ३५ मिनिटे लागली, जे चालण्यासारखे आहे. पिशवी बुडाला टेकत होती, म्हणून खाली भोकांची उलटी ताटली ठेवली. भिजलेले धान्य सात-आठ किलो भरेल आणि ते पातेल्यावर निथळत धरून ठेवावे लागेल, हे तालमीतच लक्षात आले. छताच्या कडीला दोरी आणि कप्पी बांधली.

२८ मार्च

माल्ट काल सायंकाळी भरडून आणले. मूठभर हातात घेऊन पाहिले तेव्हा टरफले अख्खी होती आणि गाभा पांढरा, रवाळ होता. आज सकाळी ६६ अंशांवर मॅश बसवला, तासाने पिशवी वर ओढली; खाली मधासारख्या रंगाचे वर्ट होते. उकळी, हॉप्स, वेटोळे, सर्व ठरल्याप्रमाणे. बादलीत २० लिटरला थोडे कमी भरले. हायड्रोमीटरने १.०४९ दाखवले, म्हणजे प्रत्यक्षात १.०४७, अपेक्षा १.०४८ ची होती. १९ अंशांवर यीस्ट घातले आणि झाकण दाबून बसवले. दुसरे पाकीट शीतकपाटात आहे. रात्री साडेदहापर्यंत एअरलॉक शांत होता.

२९ मार्च

पहाटे पाच वाजता पहिला बुडबुडा, आणि त्यानंतर घड्याळ लावून मोजले तेव्हा दर अकरा सेकंदांनी एक. टबातील पाणी १८.५ अंश. गोठवलेली दुसरी बाटली आत सोडली.